न मागितलेला टचअप : कोल्हापुरातील एका फोटो स्टुडिओचा अनुभव

भाचीच्या अठराव्या वाढदिवसानिमित्त तिचे नऊवारीतील फोटो काढून घेण्यासाठी आम्ही गेल्या महिन्यात कोल्हापुरातील एका स्टुडिओत गेलो होतो. स्टुडिओचे नाव देत नाही, कारण ज्या गोष्टीविषयी मला लिहायचे आहे ती इतर ठिकाणीही सर्रास चालते. दिलेली वेळ पाळली गेली, कपडे बदलण्याची खोली स्वच्छ होती आणि बुजलेल्या मुलीला बोलते करण्यासाठी छायाचित्रकाराने अर्धा तास खर्च केला, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. नथ सारखी सरकते म्हणून ती हाताने सावरताना खळखळून हसली आणि त्याने नेमका तो क्षण टिपला. मिटलेले डोळे, एकावर एक चढलेले पुढचे दात, हनुवटीवरचा तीळ, सारे काही त्या फोटोत होते, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पाहून ती स्वतःही खूश झाली होती.

आठवड्याने अल्बम हाती आला, तेव्हा त्याच फोटोतील तीळ नाहीसा झाला होता, दात सरळ झाले होते, गाल मेणासारखे गुळगुळीत दिसत होते आणि आमच्या घरातला सावळा रंग चांगलाच उजळला होता. नथीला लावलेला हात मात्र मूळ रंगाचाच राहिल्यामुळे तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. आम्हाला आधी का विचारले नाही, असे मी म्हटले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा सरळपणे म्हणाला, "मॅडम, टचअप पॅकेजमध्येच असतो. सगळ्यांना असंच आवडतं."

त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि मला वाईट वाटते ते त्याचेच. ही आवड आपोआप तयार झालेली नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या जाहिरातींनी अनेक वर्षे एकच गोष्ट सांगितली : मुलगी उजळली की तिला नोकरी मिळते, स्थळ येते आणि घरात आनंद येतो. सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेला २०१४ मध्ये करावा लागला, आणि २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. पण तोवर तेच काम मोबाइलच्या कॅमेऱ्यातील ब्युटी मोड आणि रील्सवरचे फिल्टर करू लागले होते. जाहिरातीत निदान परकी मुलगी असे. येथे मुलीला तिचाच चेहरा दुरुस्त करून दाखवला जातो, म्हणून तो अधिक खरा वाटतो.

छपाई आणि कागद उत्तम आहेत, दरही वाजवी आहे, आणि मागितल्यावर मूळ फाइली तक्रार न करता पेनड्राइव्हवर मिळाल्या. तरीही मी या सेवेला पाचपैकी दोनच गुण देईन. अशा कोणत्याही स्टुडिओत जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वीच रंगाला आणि चेहऱ्याला हात लावायचा नाही, असे पावतीवर लिहून घ्यावे.

मूळ फोटोची मोठी प्रत मी भाचीला काढून दिली. तिने ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "मावशी, माझे दात खरंच इतके वाकडे दिसतात का गं?" तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आजही टचअप केलेलाच फोटो आहे.