साइटची प्रगती: फोटो पुरतील की मॉडेल हवं?

व्हॉट्सॲपवर रोज ढीगभर फोटो येतात, तरी महिनाअखेरीला आरए बिलावरून (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) ठेकेदार आणि इंजिनिअर यांचं जमत नाही. फोटो कुठल्या मजल्याचा, कुठल्या ग्रिडचा (ड्रॉइंगवरच्या कॉलमरेषांच्या चौकटीचा), हे कुणी लिहिलेलंच नसतं. इमारतीच्या त्रिमितीय संगणकीय मॉडेलचा, म्हणजे बीआयएमचा, खर्च करायच्या आधी हे सुधारा.

फोटोला पर्याय नाही अशा जागा ठरलेल्या आहेत. स्लॅब भरण्याआधीची सळई, सळईखाली अंतर राखणारे कव्हर ब्लॉक, भिंतीत गाडलेले वायरींचे पाइप (कंड्युट). एकदा काँक्रीट पडलं की पुरावा तेवढाच. दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच दिशेने फोटो काढले, किंवा हेल्मेटवर ३६० अंशांचा कॅमेरा लावून मजला फिरलं, तरी खर्च फारसा नाही. मात्र नुसत्या फोटोवरून घनमीटर निघत नाहीत आणि काम वेळापत्रकाच्या किती मागे आहे तेही कळत नाही.

ते मॉडेल सांगतं. फोर-डी मॉडेलमध्ये प्रत्येक कॉलम, बीम, स्लॅब तारखेला बांधलेला असतो. एकमेकांवर ६०-८० टक्के चढणाऱ्या फोटोंपासून बिंदूंचा त्रिमितीय ढग तयार करून तो मॉडेलवर बसवला, की काय उभं राहिलं नाही ते दिसतं.

पण इथेच फसगत होते. शटरिंग (काँक्रीट ओतायचा प्लायचा साचा) लावलेला कॉलम आणि भरलेला कॉलम, आकार जवळपास तोच. निव्वळ आकार जुळवणारी पद्धत प्लायलाही 'काम पूर्ण' म्हणेल. भिंतीचंही तसंच. बऱ्याच मॉडेलांत ती एकच वस्तू असते. विटकाम, प्लास्टर, पुट्टी हे टप्पे त्यात नसतातच, आणि १२-१५ मिलिमीटरचं प्लास्टर मोजणीतल्या चुकीत सहज हरवतं. प्लाय की काँक्रीट, वीट की प्लास्टर, हे फोटोतला रंग-पोत बघूनच ठरतं. शिवाय साइटवर बदललेलं ड्रॉइंग मॉडेलमध्ये चढवलं नाही, तर तुलना चुकीच्याच गोष्टीशी होते.

माझं मत स्पष्ट आहे. सात मजली निवासी इमारत, ड्रॉइंग टू-डी असतील तर फोटोंवरच भर द्या. हॉस्पिटल, मोठं बेसमेंट, डक्टची गर्दी असेल तर मॉडेल घ्या, पण ते अद्ययावत ठेवणारा माणूस नेमूनच. नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बीआयएम वापरलं. खर्चाचा हिशेबही त्यात जोडलेला, पण तो पसाराच तेवढा होता. पुनर्विकासातल्या सोसायट्यांनी प्रत्येक स्लॅबआधीचे तारखेसह फोटो करारातच मागावेत. बिल्डरला महारेरावर दर तिमाहीला प्रगती भरावीच लागते, ती पडताळायला हेच फोटो कामी येतील.