बोअरच्या पाण्यावर १५ लिटरचा गिझर: लिटर नको, रॉड बघा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनीचं पाणी साठवायचं ते पिण्या-स्वयंपाकाला. आंघोळीला बऱ्याच घरांत बोअरच. पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरी सोयच नसेल तर ६००. तुमचं बोअर यात कुठे बसतं, ते तपासून मगच गिझर घ्या.

काचेच्या अस्तराची टाकी आणि २ किलोवॅटची कॉइल असलेला गिझर नवा असताना नाव ठेवायला जागा देत नाही. २५ अंशांचं पाणी साधारण १६ मिनिटांत ५५ वर जातं. पुढचं बिघडणं मात्र आतल्या आत चालतं. कॉइलवर क्षारांचा थर बसला तरी उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे बिल फारसं वाढत नाही आणि कोणी लक्षही देत नाही. कॉइल मात्र थराखाली नको तितकी तापत राहते. मग आवरण तडकतं, पाणी शिरतं आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, पडते.

त्याहून घातक म्हणजे ॲनोड रॉड संपणं. मॅग्नेशियमचा हा रॉड स्वतः झिजून टाकीचं पोलाद वाचवतो. खारं पाणी त्याला लवकर खातं. रॉड संपला की अस्तराच्या बारीक चिरांतून गंज टाकीला नकळत पोखरतो. सकाळच्या पहिल्या बादलीत तांबूस पाणी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, आणि भोक पडलेल्या टाकीला वेल्डिंग चालत नाही, अस्तर जळतं. वॉरंटी कार्डावर पाण्याच्या कठीणपणाची अट आहे का, तेही वाचा.

सर्व्हिस एप्रिल-मेमध्ये उरकावी. तेव्हा गच्चीवरच्या टाकीचंच पाणी अंग भाजेल इतकं तापलेलं असतं. मेन बंद, इनलेट बंद, टाकी रिकामी, मग फ्लँजचे, म्हणजे कॉइल बसवलेल्या झाकणाचे, नट. कॉइल लिटरभर कोमट पाण्यात ५०-१०० ग्रॅम लिंबूफूल घालून बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवायची. हातोडीने खपल्या पाडणारा मेकॅनिक आवरणाला पोचे पाडून जातो, आणि संडास धुण्याचं ॲसिड ओतणारा तर नवी कॉइल विकायचीच तयारी करत असतो. रॉडच्या आतली तार उघडी पडलेली दिसली किंवा रॉड निम्म्याहून बारीक झाला, की तो बदला. फ्लँजखालचं गॅस्केट (रबरी सील) दर वेळी नवीनच. जुनं दाबून बसवलं की फ्लँजमधून झिरपतं आणि वायरिंगवर उतरतं. कॉइल बुडेपर्यंत टाकी भरल्याशिवाय स्विच लावू नका.

थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा. साठीच्या पुढे थर फार झपाट्याने बसतो. ३ लिटरचा इन्स्टंट बोअरवर घेऊच नये, एवढ्याशा जागेत क्षार लगेच दाटतात.

गिझर म्हणून पसंत, पण बिल करण्याआधी दुकानदाराला विचारा: या मॉडेलचा रॉड सुटा मिळतो का? ‘सर्व्हिसवाला आणेल’ असं उत्तर आलं, तर दुसरं मॉडेल बघा.