मेसोनियेची दोन चित्रं: ए-फोरएवढी कत्तल आणि जळका राजवाडा

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार एर्नेस्त मेसोनिये याचं ‘बॅरिकेड’ बघायला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेलात तर पहिली फसगत आकाराने होते. जेमतेम २९ बाय २२ सेंटीमीटर. दोन पावलं मागून फक्त करड्या दगडांचा ढीग दिसतो. हातभर अंतरावर या, मग त्यातून माणसं सुटी होतात. उखडलेले फरसबंदीचे दगड आणि प्रेतं त्याने सारख्याच बारकाईने रंगवलीत, म्हणून ती एकमेकांत मिसळतात. निळा सदरा, पांढरा शर्ट, लाल विजार. फ्रान्सचा झेंडा कुठेच नाही, पण त्याचे तिन्ही रंग मेलेल्यांच्या अंगावर आहेत.

पॅरिसच्या कामगारांच्या जून १८४८च्या उठावात मेसोनिये नॅशनल गार्ड या नागरी सैन्याच्या तोफखान्यात कॅप्टन होता, म्हणजे बंड मोडणाऱ्यांकडून. रू द ला मॉर्तेलरी या रस्त्यावरचं बॅरिकेड, म्हणजे बंडखोरांनी रचलेला दगडांचा अडथळा, पडताना त्याने स्वतः पाहिली. तरी चित्रात एकही विजेता नाही!

तक्रार एकच: तैलरंगातली सफाई जरा जास्तच आहे. त्याआधीचं जलरंगातलं रूप मला सरस वाटतं. ते मेसोनियेने चित्रकार दलाक्र्वाला भेट दिलं होतं, आता ऑर्से संग्रहालयात आहे. पण कागदावरचे रंग उजेडाने उडतात, त्यामुळे ते कायम टांगलेलं नसतं. संकेतस्थळ न बघता गेलात तर हात हलवत परत याल. सुट्टीचे वारही वेगळे: ऑर्से सोमवारी बंद, लूव्र आणि दुसरं चित्र जिथे आहे तो काँपियेन्य गावचा राजवाडा मंगळवारी.

घरी मूळ आकारात बघायचं तर ए-फोरवर छापू नका. रुंदीला एक सेंटीमीटर कमी पडतो आणि प्रिंटर गुपचूप चित्र आक्रसतो. ए-थ्रीवर, शंभर टक्के आकारात, मॅट कागदावर छापा आणि कडा कापा. चकचकीत कागदावर गडद तपकिरी भाग नुसता चमकतो.

दुसरं चित्र, ‘ट्युइलरीचे भग्नावशेष’, काँपियेन्यच्या राजवाड्यात आहे. हे मात्र १३६ बाय ९६, लांबूनही पोचतं. मे १८७१मध्ये कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर सरकारच्या, अखेरच्या आठवड्यात पॅरिसचा ट्युइलरी राजवाडा जळाला. पुढे राडारोडा, वर भिंतीवर मारेंगो आणि ऑस्टर्लिट्झ ही नेपोलियनच्या विजयांची नावं शाबूत, आणि मधल्या भगदाडातून कारुझेल या विजयकमानीवरचा रथ. खाली पूर्वजांच्या कीर्तीचं लॅटिन वाक्य लिहिलंय, ते नसतं तर बरं झालं असतं. रथाने ते आधीच सांगितलंय.

भग्नावशेष १८८३मध्ये पाडले. रथ अजून जागेवर आहे. तो आधी बघा, मग गार द्यू नॉर स्टेशनहून काँपियेन्यची गाडी पकडा.