शांघायमध्ये दम्यावर चिनी औषध घेतलं, त्याचा अनुभव

आधीच सांगते, माझा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप सकाळ-संध्याकाळ चालूच होता, आजही आहे. चिनी औषध घेतलं ते त्याच्या जोडीला. इथल्या सरकारी चिनी-वैद्यक रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनीही पंप सोडायला सांगितलं नाही. उलट पहिल्याच भेटीत फुंकून करायच्या चाचणीला पाठवलं. पंप बंद करा म्हणाल्या असत्या तर मी परत पायरी चढले नसते.

बाकी तपासणी आपल्या वैद्यांची आठवण करून देणारी. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं, मग जीभ. जिभेवरचा पिवळा थर पाहून बाई थबकल्या आणि आज काय खाल्लं ते विचारलं. हळदीचं वरण समजावताना माझ्या दुभाषी मैत्रिणीची पुरेवाट झाली. पथ्यात गार पाणी नाही, फ्रीजमधली फळं नाहीत, कोळंबी नाही. मालवणी माणसाला कोळंबी बंद करणं म्हणजे काय, ते जाऊ दे.

काढा दिंगछ्वान थांग या दम्यावरच्या जुन्या चिनी काढ्याच्या धर्तीवरचा होता. मूळ योग चीनच्या मिंग राजवटीतला, नऊ घटकांचा: माहुआंग (म्हणजे एफेड्रा ही वनस्पती), गिंकोचं बी, जर्दाळूच्या बिया, तुतीच्या मुळाची साल, ज्येष्ठमध वगैरे. घरी उकळत बसावं लागत नाही. रुग्णालयच काढा करून सीलबंद पिशव्या घरपोच पाठवतं. पिशवी गरम पाण्यात ठेवायची, कोपरा कापायचा आणि एका दमात संपवायची. आधी कडू, मग मातकट, शेवटी जिभेच्या मागे ज्येष्ठमधाचा गोडवा.

पण या काढ्याला साधा समजू नका. माहुआंगमध्ये एफेड्रिन असतं. जपानच्या नागाई नागायोशींनी ते १८८५ मध्ये वेगळं काढलं, १९२४ मध्ये पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातून चेन आणि श्मिट यांनी त्याच्या परिणामांवर लिहिलं, आणि पुढे कित्येक वर्षं जगभरचे डॉक्टर ते दम्यावर देत होते. श्वासनळ्या सैल होतात त्या खऱ्याच, पण हृदयही धावतं. माझ्या पंपातलं फॉर्मोटेरॉलही धडधड वाढवणारं, त्यामुळे सुरुवातीला छातीत नगारा वाजायचा आणि झोप उडाली. बाईंनी माहुआंग कमी केलं, संध्याकाळची पिशवी दुपारी घ्यायला सांगितली, तेव्हा निभावलं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी या वाटेला जाऊच नये. अमेरिकेत एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर २००४ पासून बंदी आहे, ती उगाच नाही.

उन्हाळ्यात सानफूच्या पट्ट्या लावल्या. वर्षातला सगळ्यात उकाड्याचा काळ म्हणजे सानफू, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. थंडीत उसळणारा आजार उन्हाळ्यातच गाठायचा, असा हिशेब. पांढरी मोहरी आणि इतर औषधांची पूड आल्याच्या रसात कालवून पाठीवर ठरावीक जागी चिकटवतात. रांगेत आज्या, नातवंडं, सगळे सदरे वर करून उभे. तासाभरात आग होते. माझ्या पाठीवर मानेखाली दोन टपोरे फोड आले आणि काळसर डाग अजून आहेत.

फरक पडला का? रात्रीचा खोकला आणि कफ कमी झाला, झोप सुधारली. पण पीक फ्लो मीटरची, म्हणजे फुंकर किती जोरात जाते ते मोजणाऱ्या नळीची, वही उघडली तर आकडे जवळपास तिथल्या तिथेच. शिवाय याच काळात भिंतीची बुरशी काढली आणि गाद्यांना धूळकिडे रोखणारी कव्हरं घातली, त्यामुळे श्रेय एकट्या काढ्याला देववत नाही. यावरच्या चाचण्याही बऱ्याचशा लहान आणि ढिसाळ आहेत. काढा मी थांबवला. पट्ट्याही पुन्हा लावणार नाही.

एका ओळखीच्या बाईंनी ऑनलाइन दुकानातल्या बिनलेबलच्या 'दमा-गोळ्या' सुचवल्या होत्या. अशा गोळ्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार अनेक देशांत उघड झालेत, म्हणून हात लावला नाही. इथे कुणी जाणारच असेल तर रुग्णालयातच जा, चालू औषधांची यादी चिनीत लिहून न्या, काढ्यातल्या घटकांची चिठ्ठी मागून घ्या आणि ती आपल्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा. पट्ट्या लावणार असाल तर जुना सुती कुडता घालून जा. लेपाचा डाग निघत नाही.