सागाच्या नावाखाली रंगवलेलं पाईन, 41,600 ला

लिहू की नको असं चाललं होतं, कारण लाज वाटते. मी काही नवशिका नाही, बोटीचा तळ स्वतः घासून रंगवलाय, तरी मला जुनं सागवान म्हणून पाईन विकलं. 22 फळ्या, प्रत्येकी 1 मीटर लांब, 10 सेंमी रुंद, 20 मिमी जाड, केबिनच्या फरशीसाठी. आगाऊ 25,000 आणि माल उतरल्यावर 16,600, एकूण 41,600. फोटो, 'जुन्या जहाजाच्या डेकचं लाकूड आहे', 'दुसरा गिऱ्हाईक उद्या येतोय', सगळं नेहमीचंच, तुम्हाला माहितीये.

आता राग येतो तो माझाच. फळ्या बोटीवर मी एकट्याने नेल्या, दोन फेऱ्यात, आणि मनात म्हटलं वा, हलकं आहे, बोटीला बरंच! अरे गाढवा, साग एवढा हलका असतो का? घनमीटरला साधारण 650 किलो धरा, म्हणजे या मापाची एक फळी 1.3 किलोच्या आसपास भरायला हवी. माझी नंतर वजन केली तर 900 ग्रॅम. वजनकाटा घरातच होता!

आणि खिळ्यांची भोकं. जुन्या सागात लोखंडी खिळा बसलेला असला की भोकाभोवती काळा डाग पडतोच. माझ्या फळ्यांना भोकं होती, पण सगळी एकसारख्या अंतरावर आणि आतून स्वच्छ, म्हणजे ड्रिलने पाडलेली. मी बोट घालून पाहिलं आणि विकणाऱ्यालाच म्हणालो, किती छान साफ केलंय तुम्ही. तो हसला. हाताला तपकिरी लागलं तेही पँटला पुसलं.

तिसऱ्या आठवड्यात खालच्या ओलीने फळ्या फुगल्या आणि बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेचं, झाकण अडकलं. पंप त्याच्याखाली, आत पाणी, शेवटी छिन्नीने फोडावं लागलं. फोडल्यावर दिसलं, रंग जेमतेम 1 मिमी, आत पांढरट गुलाबी.

हो, फिट करताना मीही चुकलो, कडा सील केल्या नाहीत, फट ठेवली नाही. पण म्हणून फसवणूक माफ होत नाही ना.

पोलिसांकडे गेलो तर 'हा दिवाणी मामला आहे', ग्राहक तक्रारीकडे गेलो तर 'बिलावर साग कुठे लिहिलंय', खरंच, बिलावर 'जुनं लाकूड 22 नग' एवढंच, बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. तीन ठिकाणी तोच फॉर्म तीन वेळा भरला, एका साहेबांनी तर विचारलं लाकडासाठी एवढं काय. एवढं काय?! 41,600, साहेब! लाकूड कुठलं हे तपासून कोण देणार विचारलं तर म्हणे तुम्हीच तपासून आणा.

बिलावर लाकडाचं नाव लिहून घ्या, नाही लिहिलं तर उठा. एका कोपऱ्यावर समोरच रंधा मारायला लावा, सागाला चामड्यासारखा तेलकट वास येतो, माझ्याला पॉलिशचा येत होता. रेल्वेचे जुने स्लीपर, म्हणजे रुळांखालची लाकडं, तर केबिनमध्ये फुकट दिले तरी नको, त्यांत मुरवलेल्या क्रिओसोटची, म्हणजे डांबरी तेलाची, वाफ बंद जागेत झोपताना नाकात जाते. आणि खरा साग मिळालाच तर चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा, लाकडातल्या तेलामुळे इपॉक्सी गोंद धरत नाही.

काल त्याची नवीन जाहिरात दिसली. फोटोत तीच एकसारखी भोकं.