बोक्याला फिरवायचा हार्नेस: नऊ महिन्यांनंतर

हा हार्नेस, म्हणजे दोरी लावायचा अंगपट्टा, घ्यायच्या आधी मी मिळतील तेवढे अभिप्राय वाचून काढले होते. बहुतेक सगळे आठ-दहा दिवस वापरून लिहिलेले. मांजराच्या बाबतीत आठ दिवसांत काहीच कळत नाही, म्हणून मुद्दाम नऊ महिने थांबून लिहितोय.

आधी बोक्याबद्दल. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले. घरात आजोबांपासून कुत्रा असायचा, मांजर मात्र कधीच नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, त्या आठवड्यात जिन्याखाली एक भिजलेलं पिवळं पिल्लू सापडलं. डॉक्टरांनी दात बघून महिन्याचं असेल म्हणून सांगितलं. आमचा कुत्रा मोती तेव्हा तेरा वर्षांचा, मागच्या पायांनी अधू झालेला. त्याने पिल्लाला चाटून चाटून कोरडं केलं आणि पोटाशी घेऊन झोपला. पिल्लाचं नाव बंड्या. मांजराच्या पिल्लाचे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार महत्त्वाचे. त्या काळात ज्यांचा सहवास मिळतो, ते त्याला आयुष्यभर आपले वाटतात. बंड्याचे त्यातले उरलेले दिवस मोतीच्या कुशीत गेले. त्यामुळे बेल वाजली की तो दाराशी धावतो, हाक मारली की येतो, जेवताना आईच्या पाटाशेजारी बसून राहतो. बाटलीचं बूच फेकलं की तोंडात धरून आणतो आणि माझ्या पायाशी टाकतो.

हे शेवटचं त्याला मोतीने शिकवलं असं मला वाटायचं. पण २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा वस्तू आणून देणाऱ्या मांजरांच्या ९२४ मालकांना विचारलं, एकूण १,१५४ मांजरांबद्दल. त्यातल्या ९४ टक्क्यांहून जास्त मांजरांना हे कुणीही शिकवलेलं नव्हतं. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा हेही बहुतेक वेळा मांजरच ठरवतं, असं त्यात दिसलं. आमच्याकडे अगदी तसंच. सात-आठदा बूच आणून देतो, मग खिडकीत जाऊन बसतो. मोती हात दुखेपर्यंत चेंडू आणायचा.

मोती २०२५ च्या होळीनंतर गेला. पुढे कितीतरी दिवस सकाळी सहाला बंड्या दारापाशी, मोतीचा पट्टा टांगलेल्या खुंटीखाली बसायचा. पट्टा हुंगायचा, माझ्याकडे बघायचा. आई म्हणाली, “अरे, याला तरी ने.” जूनमध्ये हार्नेस मागवला.

पहिला घेतला तो नुसत्या दोन पट्ट्यांचा, गळ्याभोवती एक आणि पोटाभोवती एक. तो घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यात एका बुलेटचा सायलेन्सर फुटल्यासारखा वाजला. बंड्या दोन पावलं मागे सरकला, अंग आक्रसलं आणि रिकामा हार्नेस माझ्या हातात राहिला. तो एका उभ्या स्कूटरखाली शिरला. मी रस्त्यावर पालथा पडून अर्धा तास त्याला हाका मारत होतो. तेव्हाची छातीतली धडधड मला अजून आठवते. मांजराचं गळ्याजवळचं हाड दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं जाईल तिथून खांदेही निघतात. कुत्रा पुढे ओढतो, मांजर मागे सटकतं. हार्नेस बघताना हे एवढंच बघा: मागे ओढल्यावर तो निघतो का? आणि गळपट्ट्याला दोरी कधीच बांधू नका.

लगेच जाळीच्या कापडाचा, बंडीसारखा अंगभर बसणारा हार्नेस घेतला. साडेआठशे रुपये. हा अभिप्राय त्याचाच. माप वजनावरून घेऊ नका, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. बंड्याचा ३८ सेंटीमीटर आहे. घातल्यावर आत दोन बोटं जावीत, तिसरं जाऊ नये.

पहिल्या दिवशी घातला तर तो कापून पडल्यासारखा आडवा झाला. घाबरू नका, अंगावर काही आलं की बऱ्याच मांजरांचं असंच होतं. मी दोन दिवस हार्नेस नुसता त्याच्या ताटलीशेजारी ठेवला, मग रोज पाच मिनिटं घरातच घातला. बाहेर पडायला बारा दिवस लागले. ओढाओढ एकदाही केली नाही.

आता फिरण्याविषयी. कुत्र्याला फिरवणाऱ्या माणसाच्या पायांना एक चाल लागलेली असते, ती इथे सोडावी लागते. बंड्या चार घरं सरळ चालतो, मग एखाद्या ओटल्यावर चढून दहा मिनिटं बसतो. त्याचं शेपूट उभं असलं की तो खुशीत. जोरजोरात हलायला लागलं की वैतागलाय, घरी चला. मी तेरा वर्षं हलतं शेपूट म्हणजे आनंद असं वाचत आलो होतो, त्यामुळे पहिले दोन महिने मी त्याला नेमकं नको तेव्हा फिरवत राहिलो, याचं वाईट वाटतं. भाजीवाल्या बेन रोज म्हणतात, “आ बिलाडो तो कूतरा जेवो छे!” (हा बोका तर कुत्र्यासारखा आहे!) ऐकून मला भरून येतं. पण गल्लीतलं कुत्रं समोर आलं की तो खांद्यावर चढतो आणि नखं शर्टातून आत रुततात. मोती सोडून बाकी कुत्री त्याची कुणी नाहीत.

उत्तरायण म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. तिच्या आठवडाभर आधीपासून ते वासी उत्तरायणानंतर (दुसऱ्या दिवसानंतर) आठ दिवस त्याला बाहेर काढलंच नाही. मांजा गल्लीभर पडलेला असतो, पायात अडकला तर कापतो, आणि मांजरं दोरा गिळतात. आतड्यात दोरा गेला तर जिवावर बेततं. अगाशी (गच्ची) तर नकोच. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परत या, आणि निघण्याआधी रस्ता तापलाय का ते हाताचा तळवा टेकून बघा.

घरात आधी कुत्रा असलेल्यांसाठी एक गोष्ट हार्नेसपेक्षा महत्त्वाची आहे. बंड्याला बाहेर गोचीड लागली, तेव्हा मोतीची उरलेली मानेवर टाकायची औषधाची नळी मी हातात घेतली होती. सुदैवाने आधी डॉक्टरांना फोन केला. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराचा जीव घेऊ शकतं. खाणंही वेगळं. मांजराला टॉरिन हा पोषक घटक खाण्यातूनच मिळावा लागतो, कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. तो कितीही मोतीसारखा वागला तरी ताटली वेगळीच हवी.

नऊ महिन्यांनंतर हार्नेसची अवस्था: जाळी शाबूत, शिवण कुठेच उसवलेली नाही. वेल्क्रोमध्ये केस अडकून पकड कमी झाली होती, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ केल्यावर परत आली. पण वेल्क्रो उघडताना होणारा आवाज त्याला अजून आवडत नाही, कान मागे जातात. नुसत्या बक्कलांचा मिळाला तर तोच घ्या. दोरी अडकवायची कडी प्लॅस्टिकची होती, तिला डिसेंबरात चीर गेली. या किमतीत हे व्हायला नको होतं. शहरातल्याच मांडवीला बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडून चाळीस रुपयांत लोखंडी कडी शिवून घेतली, ती पक्की आहे. आता हार्नेस मोतीच्या पट्ट्याशेजारी त्याच खुंटीवर असतो. बंड्या सहाला खाली येऊन बसतो आणि आधी पट्टा हुंगतो, मग हार्नेस.