तीन बॉलचा स्पायरोमीटर आणि पलंगावरचं टेबल: ऑपरेशनआधी काय विकत घ्यावं, काय भाड्यानं आणावं

पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलंय, तारीख महिनाभरावर आलीय, घरात दोन शाळकरी पोरं आणि त्यात स्वतःची बी.ए.ची नाहीतर बी.एड.ची परीक्षा. अशी बाई सांगली-मिरजेच्या सर्जिकलच्या दुकानात शिरली की तिच्यापुढे कमोड खुर्चीपासून हवेच्या गादीपर्यंत सगळं मांडलं जातं. यातल्या दोनच वस्तू ऑपरेशनच्या आधीपासून उपयोगी पडतात. स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाचा व्यायाम करायचं छोटं यंत्र, विकत घ्यावा आणि पलंगावरचं टेबल भाड्यानं आणावं. बाकीचं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय घेऊ नये. पोटाचा पट्टा तर आधी घेऊच नये. ऑपरेशननंतर पोटाचं माप बदलतं आणि वापरलेला पट्टा दुकानदार परत घेत नाही.

मिरजेत विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आज गावात दवाखाने आणि औषधांची दुकानं इतकी आहेत की स्पायरोमीटरसाठी फार फिरावं लागत नाही. साधा तीन बॉलचा दोन-चारशे रुपयांच्या घरात मिळतो. छापील किंमत बरीच चढी असते, तेव्हा ‘किती लावणार?’ हे विचारायला लाजू नये. पारदर्शक प्लास्टिकचे तीन कप्पे, प्रत्येकात एक हलकी गोळी, एक घड्यांची नळी आणि तोंडात धरायचा तुकडा, एवढाच ऐवज. बॅटरी नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही फार काही नाही.

कप्प्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. सेकंदाला किती मिलिलिटर हवा आत ओढली, ते हे आकडे सांगतात. म्हणजे यंत्र श्वासाचा वेग दाखवतं, एकूण किती हवा आत गेली ते दाखवत नाही. झटका मारून तिन्ही गोळ्या वर नेल्या आणि सेकंदात खाली पडल्या, तर आत गेली जेमतेम १२०० मिलिलिटर. दोनच गोळ्या उचलून तीन सेकंद तोलून धरल्या तर २७०० मिलिलिटर. फुप्फुसाचा तळ उघडतो तो या दुसऱ्या श्वासानं. घरातली पोरं ‘मम्मी, तिन्ही वर घे!’ म्हणून ओरडतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

पद्धत अशी. पाठ टेकून ताठ बसायचं, झोपून करायचं नाही. यंत्र डोळ्यांसमोर सरळ उभं धरायचं. ते तिरकं झालं की गोळ्या आपोआप चढतात आणि खोटं समाधान मिळतं. आधी साधा श्वास सोडून द्यायचा, तुकडा ओठांनी घट्ट धरायचा आणि हवा सावकाश आत ओढायची. ओढून झाली की दोन-तीन सेकंद रोखायची, मग तुकडा काढून सोडायची. बहुतेक जण पहिल्यांदा आत फुंकतात आणि गोळी हलली नाही की ‘मशीन खराब आहे’ म्हणून दुकानात परत नेतात. ओढूनही गोळी हलली नाही तर नळीचा सांधा बघावा. सैल असला की हवा तिथूनच शिरते.

असे दहा श्वास, मध्ये चार साधे श्वास घेत. एका बैठकीला पाचेक मिनिटं लागतात. ऑपरेशनआधी दिवसातून तीन-चार बैठका पुरतात, त्यानंतर जागेपणी साधारण दर तासाला. किती करायचं ते शेवटी आपल्या भूलतज्ज्ञानं सांगितलेलंच खरं. घाई केली की चक्कर येते, ओठांभोवती मुंग्या येतात. तेव्हा थांबायचं. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.

वेळ कुठून काढायचा हा खरा प्रश्न. ‘दिवसातून चार वेळा’ असं मोघम ठरवलं तर एकही वेळ साधत नाही. पोरं शाळेच्या रिक्षात बसली की एक, अभ्यासाला बसण्याआधी एक, दुपारच्या चहाआधी एक आणि रात्री दप्तरं भरून झाल्यावर एक, असं ठरलेल्या कामांना बांधून टाकावं. जेवल्या जेवल्या करू नये. चुलीवर भाकरी होत असेल तर धूर निवल्यावर, दुसऱ्या खोलीत.

पण यंत्राची किमया फार नाही, हेही सांगायला हवं. ऑपरेशननंतर टाके ओढतात म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकायला घाबरतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो आणि तिथून न्यूमोनिया. यावर इलाज आहे तो खोल श्वास. यंत्र फक्त तो मोजून दाखवतं. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला अभ्यास आला होता. वरच्या पोटाच्या ऑपरेशनचे ४४१ रुग्ण होते. ज्यांना आधी अर्धा तास फिजिओथेरपिस्टनं श्वासाचे व्यायाम समजावले, त्यांच्यात फुप्फुसाच्या तक्रारी १२ टक्के, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांत २७ टक्के. म्हणून यंत्र घ्याच, पण एकदा फिजिओसमोर बसून करून दाखवा. खोकताना उशी पोटावर दाबून धरायची, तेही तिथेच शिकून घ्या. आणि मिश्री लावत असाल तर ती आजपासून बंद. त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि जखम भरायला वेळ लावतं. मिश्री चालू ठेवून स्पायरोमीटर ओढणं म्हणजे एका हातानं भरायचं आणि दुसऱ्यानं सांडायचं.

साफसफाई सोपी. तोंडात धरायचा तुकडा कोमट साबणाच्या पाण्यानं धुवावा, उकळू नये. कप्प्यांत पाणी गेलं तर गोळ्या भिंतीला चिकटतात. यंत्र एकाच माणसाचं. पोरांनी ‘मी पण’ म्हटलं तरी द्यायचं नाही.

आता टेबल. आपल्याकडे अभ्यास सहसा खाली बसून, छोट्या बैठ्या टेबलावर होतो. पोटाच्या ऑपरेशननंतर जमिनीवरून उठणं हेच सगळ्यात अवघड जातं. म्हणून चाकाचं, उंची कमी-जास्त होणारं, ज्याचा पाय पलंगाखाली सरकतो ते हॉस्पिटलचं टेबल कामाला येतं. मात्र आणण्याआधी पलंग आणि फरशीमधली फट टेपनं मोजा. चाकांसकट पाय आत जायला चारेक इंच तरी लागतात. खाली कप्पे असलेल्या बॉक्सच्या पलंगाला फटच नसते आणि हे टेबल लांबच उभं राहतं. दिवाणाचंही बऱ्याचदा तेच.

उंचीसाठी दोन प्रकार मिळतात. पिळाच्या मुठीचं टेबल स्वस्त असतं, पण आटे झिजले असले की जाड पुस्तकांच्या वजनानं हळूहळू खाली बसतं. हँडल फिरवायचं घ्यावं. दुकानातच त्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन पाहावं. चाकांना कुलूप आहे ना, तेही बघावं. नसेल तर लिहिताना टेबल पळतं. ऑनलाइन मिळणारं मांडीवरचं घडीचं टेबल स्वस्त दिसतं खरं, पण उठताना दर वेळी कमरेतून वळून ते बाजूला ठेवावं लागतं, आणि नेमकी तीच हालचाल टाक्यांना लागते.

टेबल उठायच्या बाजूला लावू नये. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्यानं बसायचं, त्यासाठी ती बाजू मोकळी हवी. टेबलाचा आधार धरून तर उठूच नये, चाकं सरकतात. एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त बसू नये. उठून खोलीत दोन फेऱ्या माराव्यात, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. लेखी स्वाध्याय ऑपरेशनआधीच संपवावेत. पहिल्या पंधरवड्यात वाचन होतं, पण लिहिण्यात मन टिकत नाही.

टेबल ऑपरेशनच्या आठवडाभर आधी आणलं की पोरांना त्याची सवय होते. संध्याकाळी त्यांचा गृहपाठही त्यावरच घेता येतो, आईला वाकावं लागत नाही. भाडं महिन्यावर आहे की दिवसावर, अनामत किती, सांगली-मिरजेबाहेरच्या गावाला पोचवायचे वेगळे पैसे का, हे पावतीवर लिहून घ्या. आधीच्या ओरखड्यांचे फोटो दुकानातच काढून ठेवा, अनामतीतून पैसे कापतात ते बहुधा त्यावरूनच.